सदतीस नंबरचा टॅग

१

माझा स्वभाव संशयी आहे. ताई म्हणते, घरात दूध उतू गेलं तरी हा आधी शेजाऱ्यांकडे चौकशी करून येईल. असेल. पण फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या माणसाने संशयी असावंच, असं माझं मत आहे. पुढे छातीच्या वर माल उचललेला असतो, त्यापलीकडचं काही दिसत नाही. जिथे दिसत नाही तिथे कुणी नाहीच, असं धरून चालणारा कधी ना कधी कुणाच्या तरी अंगावर गाडी घालतो. मी एकोणीस वर्षांत एकदाच घातली. ती ताईच्या.

ताई आमच्याच गोदामात मोजणीला आहे. हातात पॅड घेऊन रॅकमधून फिरायचं, खोकी मोजायची, आकडे लिहायचे. मला इथे चिकटवलं तिनेच. माझ्यापेक्षा ती सहा वर्षांनी मोठी आणि लहानपणापासून सगळ्यात पुढे. कडू औषध आधी ती चाखायची. जिन्याखालच्या अंधारात चेंडू गेला की मला मागे ढकलून म्हणायची, “थांब छोट्या, आधी मी बघते.” आता मी पन्नाशीला आलो तरी चार लोकांत मला छोट्याच म्हणते.

तिचा डावा कान कामातून गेला आहे. गेल्या वर्षी मी सातव्या गल्लीतून गाडी मागे घेत होतो आणि ती बाजूने आली. मी हॉर्न दिला, पण तिचा डावा कान माझ्याकडे होता. घोट्याचं हाड मोडलं. चौकशीत तिने सांगून टाकलं की माझाच पाय घसरला, त्याचा काही संबंध नाही. ती अजून जराशी लंगडते. मी विचारलं की म्हणते, वय झालं. तिच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्या दोन वर्षांत तिला पुन्हा खरचटूही नये, एवढंच मला हवं होतं. त्यापुढे गोदामाचं काय व्हायचं ते होवो.

२

ताईच्या अपघातानंतर कंपनीने वायरलेस यंत्रणा बसवली. पायी चालणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला काडेपेटीएवढा टॅग आणि प्रत्येक गाडीत स्टिअरिंगशेजारी एक खोका. टॅग आठ मीटरच्या आत आला की खोका ओरडतो, त्याच्या पडद्यावर टॅगचा नंबर आणि अंतर दिसतं, आणि तिकडे तो टॅग कमरेला थरथरतो. ताईला ऐकू येवो न येवो, थरथर तर कळणार. मला त्या खोक्याचा फार आधार वाटला, हे कबूल करतो.

सेफ्टी मॅडमनी सगळ्यांना रांगेत उभं करून नियम घोटून घेतले. चालणाऱ्याने पिवळ्या पट्टीवर थांबायचं आणि हात वर करायचा. चालकाने गाडी थांबवून फोर्क, म्हणजे पुढची दोन लोखंडी पाती, जमिनीला टेकवायचे. फोर्क टेकले म्हणजे ‘ये’. वर असले म्हणजे ‘थांब’. आणि एका वेळी एकानेच यायचं.

चालकालाही टॅग असतो. माझा बारा नंबर. आपल्याच गाडीने आपल्यावर ओरडू नये म्हणून चालकाचा नंबर खोक्यात भरून ठेवतात. तिथे दोन जागा असतात, एक सकाळच्या चालकाची आणि एक दुपारच्या. त्या दोन्ही नंबरांवर गाडी ओरडत नाही, फक्त एकाने उतरून सीट दुसऱ्याला दिली की उतरलेला आपोआप पायी चालणाऱ्यांत धरला जातो. आमची दुपारची पाळी बंद होऊन वर्ष झालं होतं, त्यामुळे माझ्या गाडीतली दुसरी जागा रिकामीच होती.

टॅग छत्तीस आले होते. वाटले तेव्हा मी स्वतः मोजले होते. सवय.

३

सातवी गल्ली पुढे बंद आहे. दोन्ही बाजूंना चार मजली रॅक आणि टोकाला भिंत. वरच्या पारदर्शक पत्र्यातून दहाच्या सुमाराला ऊन सरळ जमिनीवर उतरतं, त्यात पुठ्ठ्याची धूळ तरंगत असते. अशा उजेडात मांजर लपणार नाही, माणूस तर लांबच.

तिथेच खोका ओरडला. पडद्यावर आलं, ३७, सहा मीटर.

मी गाडी थांबवली. समोर कुणी नव्हतं. खाली उतरून रॅकच्या खालच्या खणात वाकून पाहिलं. खोकी, पट्ट्या, एक हरवलेला हातमोजा. परत येऊन बसलो तेव्हा पडद्यावर पाच मीटर होतं. मग चार झालं, मग तीन. आकडा घाईने कमी होत नव्हता. माणूस हातातलं काम संपवून चालत येतो, त्या बेताने होत होता. शेवटी दीड मीटरवर थांबला. गाडीच्या पुढे दीड मीटरवर पिवळी पट्टी होती.

मी मिनिटभर आकड्याकडे बघत बसलो. तोही हलला नाही.

यंत्रणा बसवणारा माणूस दुसऱ्या दिवशी आला. लॅपटॉप उघडून म्हणाला, “यादीत छत्तीसच आहेत. सदतीस तयारच केलेला नाही.”

“मग मला कोण दिसतंय?”

“दुसरीकडचा सिग्नल येत असेल.”

“कुठला दुसरीकडचा? आसपास कुणाकडे ही यंत्रणाच नाही.”

त्याने खांदे उडवले, खोका बंद करून चालू केला आणि माझ्याकडून कागदावर सही घेऊन गेला. त्या सहीचा मला आजही पश्चात्ताप होतो. ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं होतं.

४

माझा संशय जिराफावर होता. जिराफ म्हणजे आमचा दुसरा चालक. उंच, मान लांब, आणि थट्टेशिवाय त्याचा दिवस जात नाही. एकदा त्याने माझं हेल्मेट तिसऱ्या मजल्यावरच्या पॅलेटवर ठेवलं होतं. एखादा जादा टॅग मिळवून तो माझी फिरकी घेत असणार, हे मी मनाशी पक्कं केलं.

एकच अडचण होती. टॅग दोन मिनिटं हलला नाही तर बॅटरी वाचवण्यासाठी झोपतो. म्हणजे नुसता रॅकमध्ये दडवून भागणार नव्हतं, कुणीतरी तो अंगावर घेऊन फिरायला हवं होतं. मी चार दिवस जिराफावर नजर ठेवली. तो चहाला समोर बसलेला असतानाही सातव्या गल्लीत सदतीस यायचा. मग मला वाटलं, त्याने कुणाला तरी सामील करून घेतलंय. ताईलाही मी एकदा विचारलं, “तू दोन टॅग लावतेस का गं?”

“एकच सांभाळता नाकी नऊ आलेत,” ती म्हणाली. “आणि तू जेवून घेत जा वेळेवर. कसलं तोंड झालंय.”

पाचव्या दिवशी मी जिराफाचं कपाट उघडलं. आत डबा, गुडघ्याचा पट्टा आणि रक्तदाबाच्या गोळ्या. मागे वळलो तर तो दारात उभा.

“काय शोधतोयस?”

“टॅग.”

तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही, फक्त त्याचं तोंड पडलं, आणि ते मला जास्त लागलं. “चल, दाखव तुझा सदतीस,” तो म्हणाला. स्वतःचा टॅग काढून त्याने टेबलावर ठेवला आणि माझ्या गाडीबरोबर सातव्या गल्लीत पायी आला.

सदतीस आला. पाच, चार, तीन, दीड. जिराफ माझ्याशेजारी हाताची घडी घालून उभा होता.

“पाहुणे शिस्तीचे आहेत,” तो म्हणाला. “पट्टीवर थांबलेत.”

आणि मी फोर्क खाली टेकवले. का, ते विचारू नका. पट्टीवर कुणी थांबलं की हात आपसूक तिकडे जातो. अंतर दीडवरून एकवर आलं, तिथून दोन, तीन, पाच झालं आणि आकडा पुसला गेला. समोरून कुणीतरी रीतसर पलीकडे गेलं होतं.

जिराफाने जाऊन टेबलावरचा स्वतःचा टॅग पुन्हा कमरेला लावला. माझा त्याच्यावरचा संशय तिथे संपायला हवा होता. पण हे सगळं त्याने कसं जमवलं असेल, याचाच मी विचार करत राहिलो.

५

इतपत मी चालवून घेतलं असतं. पण खोका एका वेळी एकच नंबर दाखवतो, सगळ्यात जवळचा. हे माझ्या ध्यानात आलं ते ताईमुळे.

पडद्यावर सदतीस होता, दीड मीटर, आणि खोका केव्हाचा ओरडत होता. मी कंटाळून माल खाली घेतला, आणि मालामागे चार मीटरवर ताई उभी होती. पाठमोरी, पॅडवर लिहीत. तिचा टॅग थरथरत असणार, पण सदतीस आल्यापासून गल्लीत सगळ्यांचेच टॅग सारखे थरथरायचे. लोकांनी तिकडे लक्ष देणं सोडून दिलं होतं. खोका ओरडत होता आणि ताईसाठी ओरडतोय हे मला कळत नव्हतं.

मी जिराफाला हे सांगितलं.

“चालक करून टाक,” तो म्हणाला. “झाडूवाल्या काकांचा टॅग चार्जिंगपाशी माझ्या गाडीला सारखा ओरडायला लावायचा. मी त्यांचा नंबर दुसऱ्या जागेत टाकला. आता गाडीला ते चालक वाटतात, ओरडत नाही.”

“आणि काका गाडीखाली आले तर?”

“मी बघतो ना नीट. पण तुझ्या सदतीसला काय होणार आहे?”

नियमाविरुद्ध होतं, पण ह्यात खोट काढता येईना. सदतीस गप्प झाला की ताईचा नंबर दिसणार होता. फक्त नंबर भरायचा तर टॅग खोक्यापासून एक मीटरच्या आत असावा लागतो, आणि सदतीस दीडच्या आत फोर्क टेकवल्याशिवाय येत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातव्या गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली. तो आला, पट्टीवर थांबला. मी फोर्क टेकवले. ह्या वेळी मी मोठ्याने म्हणालोसुद्धा, “ये बाबा. इकडे ये.” एक मीटर. आकडा तिथेच घुटमळला. तो पलीकडे निघणार इतक्यात मी शेजारच्या पायरीवर हात थोपटला, आपण कुणाला बसायला जागा दाखवतो तसा. नव्वद सेंटीमीटर. सत्तर. चाळीस.

मी बटण दाबून धरलं. पडद्यावर आलं, दुसरा चालक, ३७. खोका शांत झाला.

एवढं सोपं होतं तर आठवडा कशाला वाया घालवला, असं मला वाटलं.

६

तीन दिवस सुखाचे गेले. सातवी गल्ली गप्प होती. ताई जवळ आली की तिचा एकोणीस नंबर लख्ख दिसायचा. मी घरून वेळेवर जेवून यायला लागलो.

चौथ्या दिवशी जिराफाने मला चार्जिंगपाशी गाठलं. “तू कुणाला बसवून फिरतोस?”

“का?”

“तुझी गाडी जवळ आली की माझ्या खोक्यावर एकदा बारा येतो, एकदा सदतीस. दोघांचं अंतर तेच. मॅडमने पाहिलं तर लायसन्स जाईल तुझं.”

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. थट्टा करताना त्याच्या भुवया वर जातात. त्या खाली होत्या.

“मी एकटाच असतो,” मी म्हणालो.

“ते मला दिसतंय रे,” तो म्हणाला, “म्हणून तर विचारतोय.”

त्याच दिवशी दुसरी गोष्ट झाली. फोर्कलिफ्टच्या सीटखाली स्विच असतो. चालक उठला की सीटचा हिरवा दिवा विझतो आणि गाडी जागच्या जागी मुकी होते, फोर्कही हलत नाहीत. मी पाणी प्यायला उतरलो आणि सहज मागे पाहिलं. हिरवा दिवा चालूच होता. परत जाऊन सीटवर हात ठेवला. रेक्झिन कोमट होतं. मीच तर आत्ता उठलो होतो, कोमट असणारच, असं मी स्वतःला समजावलं आणि स्विच बिघडल्याचं सुपरवायझरला सांगितलं.

“मेकॅनिक उद्या येतोय,” तो म्हणाला. “आजचा दिवस सांभाळून घे. बाहेर दोन ट्रक खोळंबलेत.”

सदतीस नंबर काढून टाकायला मी खोक्याची यादी उघडली. पडद्यावर आलं, हे फक्त सीटवर बसलेल्या चालकाला करता येईल. मी सीटवर बसलेलोच होतो.

७

दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी मेकॅनिक आला नव्हता. सातव्या गल्लीसमोर, ओलांडायच्या पट्ट्यांच्या अलीकडे मी गाडी उभी केली, फोर्क गुडघ्याएवढे वर ठेवून उतरलो आणि चावी काढून खिशात टाकली. वाटेच्या पलीकडे पॅकिंगचं टेबल आहे, तिथल्या खांबावर फोन आहे. मेकॅनिकला दोन शब्द सुनवावेत म्हणून मी फोन उचलला.

पलीकडे घंटा वाजत असताना मी वळून पाहिलं. माझ्यापासून दहा-बारा पावलांवर ताई पिवळ्या पट्टीवर उभी होती. डावा कान माझ्याकडे. तिने हात वर केला आणि गाडीच्या सीटकडे पाहिलं. मला मध्ये खांब येत होता, सीट दिसत नव्हती. गाडीचे फोर्क दिसत होते.

ते खाली आले. सावकाश, आवाज न करता, अगदी मी टेकवतो तसे.

ताई हसली. ओठाच्या एका कोपऱ्यातून, जशी ती फक्त माझ्याकडे बघून हसते. सीटकडे बघून काहीतरी बोललीही. मग पाय ओढत फोर्कच्या पुढून गेली आणि सातव्या गल्लीत शिरली.

“ताई!” मी ओरडलो. फोन हातातून सुटून दोरीला लोंबकळत राहिला. मी धावत पट्टीपर्यंत गेलो आणि तिथे माझ्या कमरेला काहीतरी थरथरलं. माझा टॅग. इतक्या दिवसांत तो माझ्याच गाडीसाठी कधी थरथरला नव्हता. खोका ओरडत होता. पडद्यावर स्पष्ट दिसत होतं, चालक ३७. जवळ १२, तीन मीटर.

सीट रिकामी होती. पण पट्टा लावलेला होता, ताणून, बक्कल बसवून. पट्ट्याच्या मागे सीटचं रेक्झिन मधोमध खोल दबलेलं होतं. खिशात हात घातला. चावी माझ्यापाशीच होती.

फोर्क वीतभर वर उचलले गेले. थांब.

मी थांबलो. काय करणार होतो? गल्लीत ताईने वळून पाहिलं, बहुधा तिचाही टॅग थरथरला असेल.

“अरे, तू तिकडे कधी गेलास?” ती म्हणाली. “आत्ता तर इथे बसून मला मान हलवून ये म्हणालास.”

“ताई, तिथेच थांब. पट्टीच्या पुढे येऊ नको.”

तिने सीटकडे पाहिलं. मघाचं हसू अजून तिच्या चेहऱ्यावर होतं, ते हळूहळू गेलं. ती आत पळेल असं मला वाटलं, पण आत कुठे पळणार होती? आत भिंत होती. ती लंगडत तिच्या बाजूच्या पट्टीवर आली आणि उभी राहिली. आमच्या दोघांच्या मध्ये चार पावलांची वाट होती आणि वाटेवर गाडीचं तोंड होतं.

मी हात वर केला. ताईनेही केला. शेजारी कुठेतरी जिराफाच्या गाडीचा हॉर्न वाजला, कुणीतरी खोकी आपटली, गोदामाचं रोजचं काम चाललं होतं. माझी गाडी बारीक घुमत होती. स्टिअरिंग फिरवायची प्लॅस्टिकची मूठ थोडी डावीकडे फिरली, थोडी उजवीकडे. दोघांकडे पाहून घेतल्यासारखी.

मग फोर्क जमिनीला टेकले.

एका वेळी एकानेच यायचं. पण ‘ये’ कुणाला म्हटलं होतं? मी ताईला हाताने खूण केली, तू थांब, आणि पाऊल उचललं. फोर्क लगेच वर झाले. मी पाऊल मागे घेतलं. फोर्क पुन्हा टेकले.

ताईला माझ्याआधी कळलं. तिने पॅड छातीशी धरलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात आडवा करून मला मागे राहायला सांगितलं.

“थांब छोट्या,” ती म्हणाली, “आधी मी बघते.”

आणि तिने दुखरा पाय पट्टीच्या पुढे टाकला.